पूल मोडला, मग ट्रकचा विमा कोणाकडे गेला?

२०१२ च्या एप्रिलचा पहिला आठवडा होता. वाडीचे एक ट्रकमालक आमच्या विमा कंपनीच्या शाखेत आले. अमरावती रोडवर त्यांचं छोटं ऑफिस, पाच गाड्या, त्यातल्या दोन चांगल्याच जुन्या. हातात नेहमीची प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात आरसी, परमिट, फिटनेस, पीयूसी, विमा असे गाडीगणिक रबर लावलेले गठ्ठे. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पूल मोडला म्हणते पेपरात. आपल्या गाड्यायचा इन्शुरन्स मंग कोनाकडं गेला जी?"

पूल म्हणजे नदीवरचा नव्हे, विमा कंपन्यांनी ट्रकांच्या विम्यासाठी मिळून केलेला सामायिक हौद. मी म्हणालो, "भाऊ, कुठंच गेला नाही. पॉलिसी आमची होती, आमचीच आहे."

हे उत्तर खरं होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं अडीच वर्षांनी त्यांच्याच एका ट्रकच्या दाव्याच्या रूपानं माझ्या टेबलावर आलं, आणि ते उलगडायला आणखी साडेतीन वर्षं गेली. त्याच दाव्याचं हे प्रकरण आहे. मी तेव्हा नागपुरातल्या एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या थर्ड पार्टी विभागात होतो, म्हणजे विमा घेतलेल्या गाडीनं दुसऱ्या कोणाचं नुकसान केलं तर त्याची भरपाई पाहणाऱ्या विभागात. कंपनीचं आणि माणसांची नावं, गाड्यांचे नंबर इथे देत नाही. हिशोब मात्र जसाच्या तसा मांडतो, कारण सगळा मुद्दा हिशोबात आणि कागदांतच आहे.

पूल म्हणजे नेमकं काय होतं

१ जानेवारी २००७ पासून सर्वसाधारण विम्यातले बहुतेक ठरीव दर उठले. आग, इंजिनिअरिंग, गाडीचं स्वतःचं नुकसान, यांचे दर कंपन्या आपापल्या हिशोबानं लावू लागल्या. मोटारीचा थर्ड पार्टी विमा तेवढा नियामकाच्या दराला बांधलेला राहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. मृत्यू किंवा इजेसाठी त्यात भरपाईला वरची मर्यादा नाही. त्यावर १९९४ च्या दुरुस्तीनं दावा दाखल करायची मुदतच काढून टाकली होती, म्हणजे अपघात आज झाला तरी वारसदार चार वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकत होते. हप्ता दुसरा कोणी ठरवणार, देणं किती ते न्यायालय ठरवणार आणि दावा कधी येईल ते कोणालाच ठाऊक नाही, असा हा धंदा. अशात ट्रक दिसला की काउंटरवरचा माणूस फॉर्म संपलेत म्हणायचा.

यावर विमा नियामक प्राधिकरणानं १ एप्रिल २००७ पासून एक सामायिक हौद उभा केला, इंडियन मोटर थर्ड पार्टी इन्शुरन्स पूल. व्यावसायिक वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता आणि जोखीम सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी या पुलात टाकायची. पुलाचा कारभार जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन, म्हणजे जीआयसी री, पाहणार. वर्षाचा नफा-तोटा कंपन्यांमध्ये त्यांच्या एकूण धंद्यातल्या वाट्याप्रमाणे वाटला जाणार. कोणी राजीखुशीनं घेत नाही अशी जोखीम सगळ्यांनी मिळून वाहायची, ही शेवटची सोय होती.

ट्रकमालकाला यातलं काही दिसत नव्हतं. पॉलिसीवर आमच्या कंपनीचं नाव, आमचा शिक्का, पावती आमची, कोर्टात वकीलही आमचाच. पुलाचं नाव पॉलिसीच्या कागदावर शोधूनही सापडलं नसतं. आधीच्या वर्षापर्यंत ज्या काउंटरवरून त्यांना परत पाठवलं जायचं, तिथेच आता खुर्ची आणि चहा मिळू लागला, एवढाच फरक त्यांना जाणवला.

आमच्या बाजूनं मात्र फरक मोठा पडला होता. ट्रक लिहिला की टार्गेट भरतं आणि तोटा झालाच तर तो सगळ्यांत वाटला जातो. मी हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही, माझेही हात त्यात होते. सामायिक तोट्याच्या फायलीकडे आपण आपल्या खिशाच्या फायलीइतकं बारकाईनं पाहत नाही. दावा आला की वकील लावायचा, छापील उत्तर दाखल करायचं, ॲवॉर्ड, म्हणजे न्यायाधिकरणाचा भरपाईचा निकाल, झाला की पुलाच्या नावे नोंद टाकायची. चौकशी अधिकारी अपघाताच्या जागी जायचे, पण पूर्वीसारखे चार-चार दिवस तळ ठोकून बसत नव्हते.

आकडे उघडे पडले तेव्हा

पुलाच्या पहिल्या चार वर्षांत थर्ड पार्टीचे दर हलले नाहीत. २००७ नंतरची पहिली वाढ लागू झाली ती २५ एप्रिल २०११ ला. त्या चार वर्षांत मजुरी वाढली, पगार वाढले, न्यायाधिकरणांचे ॲवॉर्ड वाढले. मार्च २०११ मध्ये नियामकानं सगळ्या कंपन्यांना सांगितलं की पुलाच्या स्थापनेपासूनच्या प्रत्येक वर्षासाठी हप्त्याच्या किमान १५३ टक्के तरतूद करा. १०० रुपये घेतले असतील तर १५३ रुपये दाव्यांसाठी बाजूला काढा, असा त्याचा अर्थ. पुढे ब्रिटनच्या सरकारी ॲक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्या, विभागाकडून हा हिशोब तपासून घेतला गेला, आणि तेवढंही पुरणार नाही असं दिसलं. २००७-०८ साठी १५९, २००८-०९ साठी १८८, २००९-१० साठी २०० आणि २०१०-११ साठी २१३ टक्के. दरवाढ झालेल्या २०११-१२ साठी १४५ टक्के धरायला सांगितलं गेलं.

यातला २१३ हा आकडा लक्षात ठेवा, आपला ट्रक त्याच वर्षातला आहे.

डिसेंबर २०११ मध्ये आदेश निघाला की ३१ मार्च २०१२ ला हा पूल मोडायचा. जे. हरिनारायण तेव्हा नियामकाचे अध्यक्ष होते. वाढीव तरतुदीचा बोजा कंपन्यांना एकदम किंवा तीन वर्षांत विभागून दाखवायची मुभा मिळाली. १५० टक्के सॉल्व्हन्सीचा, म्हणजे देणी भागवण्याच्या ऐपतीचा, दंडकही काही काळासाठी १३० पर्यंत सैल करावा लागला. एवढ्या सवलती द्याव्या लागल्या यावरूनच बोजा केवढा होता ते कळतं.

मोडायची पद्धत 'क्लीन कट' होती. हा शब्द आमच्याकडे सगळे वापरत, समजून घेणारे थोडे होते. पाच वर्षांत ज्या कंपनीनं जी पॉलिसी लिहिली, तिची जोखीम पूर्णपणे तिच्याकडे परत. सोबत बाकीच्या कंपन्यांच्या वाट्याचे पैसे, ते या ठरवून दिलेल्या टक्क्यांनी. पैसे घेऊन हिशोब कायमचा मिटला. पुढे दावे टक्केवारीपेक्षा कमी निघाले तर वाचले ते तुमचे, जास्त निघाले तर वरचे तुमच्या खिशातून. पुन्हा कोणाच्या दारात जायचं नाही.

इथे आपल्या ट्रकमालकाचा गोंधळ समजण्यासारखा आहे. विमा 'दुसरीकडे जाणं' हा प्रकार जगात खरोखर असतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात चक्रीवादळाची घरं कोणी घेत नाही म्हणून २००२ मध्ये सिटिझन्स नावाची सरकारी पाठबळाची कंपनी उभी राहिली. तिच्यावरचा भार कमी करायचा तर खासगी कंपन्या तिच्या पॉलिस्या उचलतात. घरमालकाला पत्र येतं, विमा कंपनीचं नाव बदलतं, आणि २०२२ च्या कायद्यानंतर खासगी कंपनीचा दर सिटिझन्सच्या दराच्या २० टक्क्यांहून अधिक वर नसेल तर घरमालकाला सिटिझन्सकडे राहताही येत नाही. तिथे पॉलिसीच हलते. आपल्याकडेही एका कंपनीचा धंदा दुसरीकडे द्यायचा तर १९३८ च्या विमा कायद्यात कलम ३५ ते ३७ ची वाट आहे, नियामकाच्या मंजुरीनं. पुलाचं तसं नव्हतं. पॉलिसी पहिल्यापासून जागची हललीच नव्हती. तिच्यामागची जोखीम पाच वर्षं सामायिक हौदात होती आणि एका रात्रीत घरी परतली.

म्हणून मी त्यांना म्हणालो की कुठंच गेला नाही. पण जोखीम घरी येताना तिच्यासोबत कागदही यायला हवा होता, आणि तिथेच आमचं चुकलं.

३१ मार्चची यादी

आमच्या शाखेत पुलाच्या पॉलिस्यांची नोंद वेगळ्या संकेतांकाखाली होती. मार्च २०१२ च्या शेवटच्या पंधरवड्यात त्यांच्या याद्या काढायचं काम निघालं. तेव्हा वर्षअखेर, ऑडिट, कलेक्शन सगळं डोक्यावर. दोन याद्या मागितल्या होत्या, मुदत चालू असलेल्या पॉलिस्यांची आणि दावा नोंदलेल्या पॉलिस्यांची. या दोन्ही नव्या प्रणालीत चढल्या. उरलेल्या, म्हणजे मुदत संपलेल्या आणि दावा न आलेल्या, 'बंद' म्हणून बाजूला पडल्या. त्यांचे छापील कागद आणि हातानं लिहिलेली हप्त्याची रजिस्टरं पोत्यांत भरून हिंगणा रोडच्या गोदामात गेली. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

थर्ड पार्टी विम्यात मुदत संपणं म्हणजे काहीच संपणं नसतं. अपघात मुदतीत झाला असेल तर दावा केव्हाही येतो. ॲक्चुअरी लोक याला घडलेले पण न कळवलेले दावे म्हणतात आणि २१३ टक्क्यांत त्यांचा वाटा धरलेला होता. म्हणजे पैसे देताना हा दावा येणार हे गृहीत धरलं होतं. यादी करताना तोच दावा आम्ही विसरलो.

आता ट्रक. त्याची पॉलिसी १८ मार्च २०११ ते १७ मार्च २०१२ अशी होती. सुरुवात २०१०-११ मध्ये, म्हणून २१३ टक्क्यांचं वर्ष. हप्ता दरवाढीच्या आधीचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये, पॉलिसीचा जेमतेम महिना उरलेला असताना, कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या या ट्रकची कोंढाळीच्या अलीकडे संध्याकाळी एका मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकलवरचा माणूस ३४ वर्षांचा. कळमन्याच्या बाजारात संत्रा-भाजीचा किरकोळ व्यापार करून गावी परतत होता. जागीच गेला. घरी बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

पंचनामा झाला, ड्रायव्हरवर ३०४-अ चा, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा, गुन्हा लागला. मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या कलम १५८(६) प्रमाणे पोलिसांनी अपघाताची माहिती ३० दिवसांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायची असते. आमच्याकडे ती आली नाही. आली असती तर पॉलिसी 'दावा नोंदलेल्या' यादीत गेली असती आणि पुढचं रामायण टळलं असतं. मालकानंही आम्हाला कळवलं नाही. गाडी जप्तीतून सोडवायची घाई होती, आणि पोलिसांना झेरॉक्स देताना रबरात गुंडाळलेल्या गठ्ठ्यातून त्यांच्या हाती आधीच्या वर्षाची पॉलिसी लागली. अपघाताची माहिती भरायच्या पोलिसांच्या कॉम्प एए फॉर्मवर तोच जुना नंबर चढला.

दावा

ऑगस्ट २०१४ मध्ये नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. अडीच वर्षं का लागली, असं आमच्या वकिलांनीही सुरुवातीला थोड्या संशयानं विचारलं. कारण साधं होतं. घरातला एकुलता कमावता गेला, शेत वाटणीत अडकलं, वकील गाठेपर्यंत तेवढा वेळ गेला. कायद्यानं मुदत नव्हतीच.

नोटीस आली, पॉलिसी नंबर प्रणालीत टाकला. उत्तर आलं की ही पॉलिसी १७ मार्च २०११ ला संपली. अपघात फेब्रुवारी २०१२ चा. आमच्याकडून लेखी जबाब गेला की अपघाताच्या दिवशी विमा अस्तित्वात नव्हता, सबब कंपनी जबाबदार नाही. मालकांना नोटीस मिळूनही ते हजर झाले नाहीत. विमा आहे म्हणजे कंपनी पाहील, ही त्यांची समजूत. वाडीत निम्मे लोक असंच समजतात.

फाईल असं वर्षभर चालली. मला ती खऱ्या अर्थानं कळली न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात. गेलेल्या व्यापाऱ्याची बायको भावासोबत बाकावर बसली होती. मी कंपनीचा आहे हे कोणीतरी सांगितलं असावं. त्या उठून आल्या. "साहेब, इन्शुरन्सवाल्यायचा पूलच बंद झाला म्हणते. पैसे भेटतच नाही म्हणते. एक मानूस म्हने, मालकाकडून दोन लाख घेऊन मिटवून टाका." तो माणूस कोण ते मी विचारलं नाही. पूल बंद झाल्याची बातमी एका विधवेपर्यंत अशा रूपात पोचली होती, हे ऐकून मला घाम फुटला. आणि आमचा लेखी जबाब त्या माणसाच्याच म्हणण्याला दुजोरा देत होता.

मी एवढंच म्हणालो, "ताई, पूल आणि तुमचा दावा यांचा संबंध नाही. तुमच्या वकिलांना विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका."

ऑफिसात येऊन फाईल पुन्हा वाचली. मालक नेमानं दरवर्षी मार्चमध्ये विमा घेणारे. मधलंच एक वर्ष ते बिनविम्याचे फिरले असतील हे पटेना. त्यांना फोन केला, ते पिशवी घेऊन आले. गठ्ठे टेबलावर सोडले. मार्च २०१० ला सुरू झालेली पॉलिसी होती, मार्च २०१२ ची होती, मधली नव्हती. "पासिंगच्या वेळी एजंटाकडं रायली असन जी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. विमा नव्हता असं ठरलं असतं तर सगळी भरपाई त्यांच्यावर, म्हणजे पाचपैकी दोन-तीन ट्रक विकणं आलं.

प्रणालीत गाडीच्या नंबरावरून शोधलं तर काही नाही. नसणारच, 'बंद' यादी चढलीच नव्हती. शेवटी गोदाम. दोन दिवस मी आणि शाखेतले एक जुने सहायक त्या पोत्यांत बसलो. उंदरांनी कडा खाल्लेल्या, लाल फितीनं बांधलेल्या वह्या. आतल्या नोंदी तारखेनं होत्या, गाडीच्या नंबरानं नाही, आणि मार्च २०११ चं रजिस्टर सापडेपर्यंत बाकी सगळी हलवावी लागली. १८ मार्चच्या पानावर निळ्या बॉलपेननं ओळ होती. एमएच-४० नं सुरू होणारा गाडीचा नंबर, मालकाचं नाव, पावती क्रमांक, हप्ता, आणि शेवटच्या रकान्यात आमच्याच एका सहकाऱ्याच्या अक्षरात 'पूल' असा शब्द. त्याखाली रेघ मारलेली. मी त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिलो.

विभागात यावर वाद झाला, तो सांगितलाच पाहिजे. एका वरिष्ठांचं म्हणणं होतं की पॉलिसी सिद्ध करणं मालकाचं आणि अर्जदाराचं काम, आपण होऊन का सांगायचं? त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पूल असता तर कदाचित एवढा विचारही केला नसता, पण आता प्रत्येक रुपया शाखेच्या खात्यातून जाणार होता, आणि क्लीन कटनंतरची ही नवी जागरूकता होती. माझं म्हणणं वेगळं होतं. या ट्रकचा हप्ता आपण घेतला. पूल मोडताना याच वर्षाच्या दाव्यांसाठी बाकीच्या कंपन्यांकडून २१३ टक्क्यांनी पैसेही घेतले. मग पॉलिसी दडवणं म्हणजे दोनदा घेऊन एकदाही न देणं. शेवटी कायदेविषयक विभागानं माझ्या बाजूनं कौल दिला. सुधारित लेखी जबाब दाखल झाला, पॉलिसी मान्य केली, वादाचे मुद्दे उत्पन्न आणि निष्काळजीपणा यापुरते ठेवले. ड्रायव्हरचं लायसन्स तपासलं, ते बरोबर होतं.

रक्कम कशी बदलली

आता हिशोब. हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो.

बाजारातल्या किरकोळ व्यापाराला पगारपत्रक नसतं. न्यायाधिकरणानं महिना ६,००० रुपये उत्पन्न धरलं, वर्षाचे ७२,०००. चार अवलंबितांमुळे स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, राहिले ५४,०००. वर्षाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे ज्या आकड्यानं गुणायचं तो गुणक ३१ ते ३५ वयासाठी १६. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००९ च्या सरला वर्मा निकालानं हे वजावटीचं आणि गुणकाचं कोष्टक घालून दिलं आहे. पूल मोडला त्या मार्चमध्ये कोणी हा दावा मोजला असता तर ८,६४,००० आणि वर अंत्यसंस्कार वगैरेंचे काही हजार, एवढाच निघाला असता. स्वतःचा धंदा करणाऱ्याला भविष्यातल्या उत्पन्नवाढीचा लाभ तेव्हा, अपवाद सोडता, मिळत नव्हता.

दावा रेंगाळला आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के भर घाला, आणि वारसाहक्क, सहजीवन, अंत्यसंस्कार या ठरीव बाबींचे मिळून ७०,००० द्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲवॉर्ड झाला तो या मापानं. ७२,००० चे झाले १,००,८००. एक चतुर्थांश वजा जाता ७५,६००. गुणिले १६ म्हणजे १२,०९,६००. वर ७०,०००, एकूण १२,७९,६००. अर्जाच्या तारखेपासून साडेतीन वर्षांचं साडेसात टक्क्यांनी व्याज ३,३५,८९५. सगळे मिळून १६,१५,४९५ रुपये.

त्या ट्रकनं भरलेला थर्ड पार्टीचा हप्ता या रकमेच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. एका दाव्यावरून टक्केवारी काढायची नसते हे खरं. पण २०१२ मध्ये बसून २१३ हा आकडा फुगवलेला आहे म्हणणारे आमच्यात बरेच होते, आणि मीही त्यात होतो. फाईल लवकर मिटली असती, २०१५ च्या लोकअदालतीत बसली असती, तर कंपनीचे कित्येक लाख वाचले असते आणि त्या घराला तीन वर्षं आधी पैसे मिळाले असते. वर्षभर आम्ही चुकीच्या पॉलिसी नंबरावर भांडत राहिलो, त्याची ही किंमत. व्याजाचा मोठा भाग तर निव्वळ आमच्या यादीतल्या चुकीचा आहे, असं मी आजही मानतो.

रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली. मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायचा आदेश झाला. त्यांच्या आईच्या नावचा भाग थेट बँकेत गेला.

दुसरा पूल

पहिल्या पुलाच्या जागी १ एप्रिल २०१२ पासून दुसरा आला होता, नाकारलेल्या जोखमींचा, म्हणजे डिक्लाइन्ड रिस्क पूल. यात सगळे ट्रक येत नव्हते. फक्त थर्ड पार्टीचा सुटा विमा घेणारी, ज्याला काउंटरवर 'ॲक्ट ओन्ली' म्हणतात, ती व्यावसायिक वाहनंच यात टाकता येत. जोखमीचा काही भाग स्वतःकडे ठेवावाच लागे, आणि प्रत्येक कंपनीनं असा किती धंदा करायचा याचा किमान कोटा ठरला. हिशोब दरवर्षी क्लीन कटनं मिटवायचा. पाच वर्षांचं ओझं साठवून एकदम फोडायचा प्रकार त्यामुळे टळला. माझ्या मते पहिल्या पुलातून घेतलेला हा सगळ्यात चांगला धडा होता.

वाडीच्या मालकांच्या दोन जुन्या गाड्या या पुलाच्या गिऱ्हाईक. त्यांना पूर्ण विमा कोणी देईना आणि 'ॲक्ट ओन्ली'साठी पुन्हा "सिस्टम बंद आहे, उद्या या" सुरू झालं, एका दुसऱ्या ऑफिसात तर तीन वेळा. नकार द्यायची परवानगी कोणालाच नव्हती. २०१५ च्या दुरुस्तीनं विमा कायद्यात कलम ३२-ड आलं आणि थर्ड पार्टीचा ठरावीक धंदा करणं प्रत्येक कंपनीवर थेट बंधनकारक झालं. पुलाची गरज त्यामुळे संपली, आणि १ एप्रिल २०१६ पासून हाही पूल बंद झाला.

यावेळी आमच्या विभागात तयारी जानेवारीतच सुरू झाली. कोंढाळीचा दावा तेव्हा न्यायाधिकरणात चालू होता आणि गोदामातली ती वही माझ्या कपाटात होती. मी एकच आग्रह धरला. यादी पॉलिसी नंबरानं नको, गाडीच्या नंबरानं करा, आणि मुदत संपलेलीसकट प्रत्येक पॉलिसी चढवा, दावा असो वा नसो. अपघात झाला की पोलिसाला, वारसाला, वकिलाला एकच गोष्ट हमखास ठाऊक असते, ती म्हणजे नंबर प्लेट. पॉलिसीचा कागद चुकतो, हरवतो, एजंटाकडे राहतो. चार माणसांनी सुट्टीच्या दिवशीही बसून ते काम पुरं केलं. त्यात २००७ ते २०१२ ची गोदामातली रजिस्टरंही घेतली. ते कोणी सांगितलं नव्हतं.

काम चालू असताना २०११ च्या नोंदींतून आणखी दोन गाड्या निघाल्या. त्यांच्या दाव्यांत आमचा जबाब तोच होता, विमा अस्तित्वात नव्हता. दोन्ही ठिकाणी पॉलिसी होती. दोन्ही जबाब आम्ही दुरुस्त केले.

१ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत द्यायचा असाही नियम झाला आहे. जुन्या अपघातांचे अर्ज मात्र त्याआधीचे आहेत आणि ते अजून चालतात. निवृत्तीच्या आधी मी मार्च २०११ चं ते रजिस्टर रेकॉर्ड रूमला परत केलं. नियमाप्रमाणे गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर किती साली नष्ट करायचं ते लिहायचं असतं. त्या रकान्यात मी लाल शाईनं 'नष्ट करू नये' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.